चाळिसांतले चोवीस

"तो चोवीसवाला कोण? पत्ता मिळेल का त्याचा?"

कराडच्या आत्याने हे विचारलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो आणि ताटाशेजारी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं होतं. साल २००९. पुण्यात फलज्योतिषाची रीतसर चाचणी झाली होती, तिचा निकाल छापून आला होता आणि तो मी खास आत्याला वाचून दाखवायला नेला होता. आत्येबहिणीचं एक चांगलं स्थळ नुकतंच मंगळावरून फिसकटलं होतं. मनात म्हटलं, आता बोलायला जागाच उरणार नाही. सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाला चाळीस पत्रिका, एकही कसोटीला उतरला नाही. सगळ्यांत वरचा जो होता त्याची चोवीस उत्तरं बरोबर.

आत्याने वरण वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. आधी तिने विचारलं, "ह्या सत्तावीस जणांत आपले गुरुजी होते का रे?" मग पत्ता मागितला. चाळिसांतले चोवीस म्हणजे निम्म्याहून चांगले चार वर. माणूस जाणकार दिसतो, असा तिचा सरळ हिशोब.

मी चिडलो. 'तुला कळणारच नाही' असलं काहीतरी बोललो आणि कात्रण खिशात कोंबलं. पुढची बरीच वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवशी स्वयंपाकघरात विज्ञानाच्या जवळचा प्रश्न आत्यानेच विचारला होता. चोवीस म्हणजे किती? जास्त की काहीच नाही? मला उत्तर माहीत नव्हतं. मला फक्त निकाल माहीत होता.

चाचणी कशी झाली ते सांगायला हवं, कारण तिची खरी गोडी निकालात नसून आखणीत आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ज्योतिर्विज्ञान' या नावाने विद्यापीठांतून फलज्योतिष शिकवायचं ठरवलं. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, त्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. त्या काळातले वाद आठवून पाहा. एका बाजूला 'हजारो वर्षांचं शास्त्र', दुसऱ्या बाजूला 'शुद्ध थोतांड'. दोन्हीकडे आवाज मोठा, आणि हातात आपल्याकडची म्हणावी अशी आकडेवारी कुणाकडेच नाही. परदेशात चाचण्या झाल्या होत्या. कॅलिफोर्नियात शॉन कार्लसन याने केलेली चाचणी १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आली होती. पण तिचा दाखला दिला की आपल्याकडे उत्तर तयार असायचं: त्यांचं राशिचक्र सायन, आमचं निरयन, तुलनाच चुकीची.

हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नव्हता. नारळीकरांनी तो उडवला नाही. आपली पद्धत वेगळी आहे ना, मग आपल्या पद्धतीची चाचणी घेऊ, म्हणून त्यांनी माणसं जमवली. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि एके काळी ज्योतिषाचा कसून अभ्यास करून मग त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. 'ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी' हे पुस्तक लिहिणारे तेच.

चाचणीला प्रश्न कुठला घ्यायचा, यातच निम्मं यश असतं. 'कष्टाचं फळ उशिरा मिळेल', 'जवळची माणसं गैरसमज करून घेतील', 'पोट सांभाळा' ही भाकितं तुम्हाला, मला आणि शेजारच्या वाण्याला सारखीच लागू पडतात. ती चुकूच शकत नाहीत, म्हणून तपासताही येत नाहीत. या मंडळींनी बुद्धीचा प्रश्न घेतला. पंचम स्थान, बुध, गुरू यांवरून बुद्धीचा विचार करायचा हे ज्योतिषातच सांगितलेलं आहे, म्हणजे प्रश्न बाहेरून लादलेला नव्हता. शिवाय उत्तर संदिग्ध राहायला वाव नव्हता. शंभर पत्रिका शाळेत चमकणाऱ्या हुशार मुलांच्या, शंभर पत्रिका मतिमंद मुलांच्या. (शब्द तेव्हाचा आहे.) जन्मवेळा शाळांच्या मदतीने पालकांकडून गोळा केल्या. त्या दुसऱ्या शंभर घरांचा विचार मनात येतोच. तिथेही कधीतरी बारशाच्या सुमाराला हौसेने जन्मवेळ कुठेतरी टिपून ठेवली असेल.

पत्रिका संगणकावर मांडल्या गेल्या आणि त्यांना फक्त क्रमांक राहिले. कुठला क्रमांक कुणाचा, ती किल्ली विद्यापीठात बंद. ज्योतिष्यांना ती दिसणार नव्हती, आणि पत्रिका पाठवणाऱ्यांनाही नाही. हा दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. चाचणी घेणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तर त्याच्या नकळत ते कुठून तरी झिरपतं, कधी नुसत्या चेहऱ्यावरून. त्यामुळे इथे ज्योतिष्यांवर जेवढा अविश्वास दाखवला गेला, तेवढाच स्वतःवरही दाखवला गेला.

मे २००८ मध्ये जाहीर आवाहन केलं. चौकशी करणारे बरेच निघाले, त्यांतल्या एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली. प्रत्येकाला दोनशेंतून कशाही उचललेल्या चाळीस पत्रिका गेल्या. उत्तरं सत्तावीस जणांनी पाठवली. आणि यशाची रेघ होती अठ्ठावीस: चाळिसांतल्या अठ्ठावीस किंवा जास्त पत्रिका बरोबर ओळखल्या, तर ते योगायोगाच्या पलीकडचं मानायचं.

एकालाही ती रेघ गाठता आली नाही. चोवीसवर एक, बावीसवर दोघे, बाकीचे वीस किंवा त्याच्या खाली. ज्योतिष शिकवणाऱ्या एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका मागवून घेतल्या होत्या. तिची उत्तरं बरोबर आली एकशे दोन. निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

मला या सगळ्यात अठ्ठावीस हा आकडा फार आवडतो. वादात नम्र असावं असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर हळू आवाज, 'आपलंही बरोबर, आमचंही बरोबर' अशी मान डोलावणं येतं. तसली नम्रता स्वस्त आहे, आणि तिच्यामागे बऱ्याचदा समोरच्याला लहान मूल समजणं असतं. अठ्ठावीसची नम्रता वेगळ्या जातीची. आपण कशाने हरू, हे तिने आधीच लिहून दिलेलं असतं. सत्तावीसांपैकी चार-पाच जणांनी तीस-तीस ओळखल्या असत्या, तर नारळीकरांना तसंच छापावं लागलं असतं. जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर त्यांची काय पंचाईत झाली असती! तो धोका त्यांनी पत्करला होता. आत्याकडे कात्रण घेऊन जाताना मी कुठलाच धोका पत्करला नव्हता.

कार्लसनच्या चाचणीतही हेच होतं, आणि तिथे ते ज्योतिष्यांच्या बाजूनेही होतं. चाचणीची रचना त्यांना आधी दाखवून मान्य करून घेतली होती. तीन व्यक्तिवर्णनांतून पत्रिकेशी जुळणारं एक निवडायचं. आम्ही निम्म्या वेळा बरोबर येऊ, असं ज्योतिष्यांचं स्वतःचं म्हणणं. आले एकतृतीयांश, म्हणजे डोळे मिटून निवडल्यावर येतील तेवढेच. ते हरले, पण कशाला हरणं म्हणायचं हे आधी कबूल करून हरले. त्या ज्योतिष्यांबद्दल मला आदर वाटतो.

आता जरा अवघड भाग. नारळीकरांचं स्वतःचं काय?

फलज्योतिषाला पुराव्याच्या तराजूत घालणारा हाच माणूस आपल्या क्षेत्रात आयुष्यभर अल्पमतात होता. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हे त्यांना कधी पटलं नाही. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावतं, पण मध्ये नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे ते सर्व काळी सारखंच दिसतं. हॉईल हे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. १९६१ च्या आरंभी मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीतून या सिद्धांतावर घाव घातला, तेव्हा रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉईल यांना हजर राहता येणार नव्हतं. बाजू मांडायला त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पाठवलं. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला हा मुलगा राईल यांच्यासारख्या माणसासमोर उभा राहिला.

१९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला: आकाशात सगळीकडून सारखंच येणारं क्षीण सूक्ष्मतरंग प्रारण. महास्फोटाची धग निवत निवत आज जेवढी उरावी, साधारण तेवढंच. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तिथे स्थिर स्थितीचा नाद सोडला. हॉईल, त्यांचे सहकारी बर्बिज आणि नारळीकरांनी सोडला नाही. १९९३ मध्ये त्यांनी सुधारित रूप मांडलं. त्यात हे प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला.

नारळीकरांचे भक्त रागावतील, पण मला इथे थोडं अडखळायला होतं. पुरावा उलटा आला की सिद्धांताला नवं ठिगळ लावायचं, हे आपण ज्योतिष्याच्या तोंडून ऐकतो तेव्हा हसतो. 'शनी होता खरा, पण त्यावर गुरूची दृष्टी होती.' मग लोखंडाच्या तंतूंना का हसू नये?

फरक मला आहे असं वाटतं, पण तो माझ्या सोयीचा तर नाही ना, हेही तपासून पाहावंसं वाटतं. तंतू किती लांब हवेत, किती हवेत, कुठल्या तरंगलांबीला त्यांनी काय करायला हवं, हे त्यांनी गणितात मांडून छापलं. कुणीही गणित करून ते खोडावं, आणि अनेकांनी ते करून पाहिलं. गुरूच्या दृष्टीला असा हिशोब जोडलेला नसतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुण्यात १९८८ मध्ये उभी राहिलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. तिचे संस्थापक संचालक नारळीकर, आणि तिथेच त्या पार्श्वभूमी प्रारणावर, महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे संशोधक वाढले. संचालकाचं मत एक आणि संस्थेत चाललेलं काम त्याच्या विरुद्ध. आपल्याकडच्या किती संस्थांत हे चालतं? तरीही एवढं म्हणेन, की आपल्या लाडक्या सिद्धांताला त्यांनी दिलेल्या सवलती त्यांनी दुसऱ्याच्या सिद्धांताला दिल्या असत्या का, याबद्दल मला शंका आहे. असा मोह नारळीकरांनाही पडत असेल तर माझी काय कथा.

दुसरी एक चाचणी त्यांच्या मोकळेपणाची साक्ष देते. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत, ही हॉईल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे यांची कल्पना विज्ञानाच्या वर्तुळात चेष्टेचा विषय होती. नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला आणि एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणले गेले. २००५ मध्ये पुन्हा. त्यात जीवाणू सापडले, तीन जाती तर पूर्वी कुठेच न नोंदलेल्या. एकीला हॉईल यांचं नाव मिळालं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. गुरूची कल्पना सिद्ध झाली असा डंका पिटायला याहून चांगली संधी नव्हती. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात मात्र हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, एवढंच सांगितलेलं आहे. ते पृथ्वीवरून वर गेले असतील, ही शक्यता उघडी ठेवली.

दाभोलकरांची तऱ्हा निराळी. मुळात डॉक्टर, कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. शास्त्रज्ञाला चाचणी पुरते. दाभोलकरांना माणसांत काम करायचं होतं. देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षं गावोगाव त्याच संथ स्वरात सांगत राहिले. आत्याही त्यांना 'आपल्या साताऱ्याचे डॉक्टर' म्हणायची. मत पटत नसे, तरी तोंडी आदर असे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच दिवशी मुंबईत 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर गेले. ज्योतिषाचे टीकाकार आणि ज्योतिषाचे सगळ्यांत परिचित भाष्यकार, दोघांच्या बातम्या एका दिवसाच्या. यात कुणाला योग दिसेल, मला तारखांचा योगायोग दिसतो. पण एकाला वय झाल्यावर मरण आलं आणि दुसऱ्याला मारलं गेलं, यात योगायोग नव्हता. डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याने ज्योतिषाला हात लावलेला नाही. आत्याचे गुरुजी आजही पत्रिका पाहतात.

२०२५ च्या मे महिन्यात पुन्हा कराडला गेलो. २० मे २०२५ ला नारळीकर गेल्यापासून ते कात्रण सारखं आठवत होतं. दुपारी आत्या तूर निवडत बसली होती. म्हटलं, आत्या, त्या चोवीसवाल्याचा पत्ता लागला.

"कुठला रे?"

दहा रुपयांचं नाणं तिच्या ताटाशेजारी ठेवलं. चौघे बसलो: आत्या, वहिनी, मी आणि आत्याची दहा वर्षांची पणती. प्रत्येकाने चाळीस वेळा नाणं उडवायचं, छापा पडला की तुरीचा एक दाणा आपल्या वाटीत. छापा म्हणजे बरोबर ओळखलेली पत्रिका. पाऊण तास गेला, दोनदा नाणं फ्रीजखाली गेलं. माझ्या वाटीत एकवीस दाणे, वहिनीच्या सतरा, आत्याच्या अठरा. पणतीच्या पंचवीस.

"चोवीसवाल्याच्या पुढे गेली की ही!" वहिनी म्हणाली.

"हिला गुरुजींकडे बसवा आता," आत्या म्हणाली, पण दाणे तिने पुन्हा एकदा मोजून घेतले.

मग हिशोब सांगितला. नुसतं नाणं उडवणाऱ्या सात-आठ जणांत साधारण एकाला चोवीस किंवा जास्त मिळतात. सत्तावीस जण बसवले तर तीन-चार निघावेत. अठ्ठावीस मात्र एकशेवीस जणांत जेमतेम एकाला. म्हणून ती रेघ. आत्याने तूर निवडणं थांबवून ऐकलं. सोळा वर्षांपूर्वी हे मी तिला सांगू शकलो असतो. तेव्हा मला तिला गप्प करायचं होतं.

"अठ्ठावीस जास्त होतात," ती म्हणाली. "सव्वीस ठेव."

"सव्वीस तर पंचवीस जणांत एकाला पडतात. सत्तावीस ज्योतिषी, म्हणजे साधारण एक निघावा."

"बरं, अठ्ठावीस." तिने मान्य केलं. "गुरुजींना विचारते. त्यांना दे चाळीस पत्रिका. अठ्ठावीस आल्या नाहीत, तर तुझ्या नातवंडांच्या वेळेला मी पत्रिकेचं नाव काढणार नाही. आणि आल्या तर? तू मानशील?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. सत्तावीस जण नाणी उडवत बसले तर दर पाच खेपांत एकदा तरी कुणाला अठ्ठावीस मिळतात, हे गणित मला माहीत होतं. गुरुजींना एकदा अठ्ठावीस आले म्हणून मी मानणार नव्हतो.

"पुन्हा एकदा चाळीस द्याव्या लागतील," मी म्हणालो.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे मला एकदा आणि तुला दोनदा."

"तसं नाही, आत्या. सगळ्या ग्रहगणिताच्या विरुद्ध काही सिद्ध व्हायचं तर..."

"असू दे की. दोनदा घे, तीनदा घे. पण मग अठ्ठावीस म्हणालास तेव्हाच का नाही सांगितलंस?"

पणतीने तोवर वाटीतले पंचवीस दाणे पुन्हा तुरीत ओतले होते आणि ती नाणं मागत होती.